आभासी यंत्रावर लिनक्सची स्थापना

एखाद्या प्रत्यक्ष संगणकात केवळ आज्ञावलीच्या साहाय्याने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकास आभासी यंत्र म्हणतात. अशा यंत्राला प्रोसेसर, स्मृती, डिस्क, पडदा व जाळ्याशी जोडणारे कार्ड हे सर्व घटक असतात. मात्र त्यांपैकी एकही स्वतंत्र वस्तू म्हणून अस्तित्वात नसतो. त्याची डिस्क म्हणजे प्रत्यक्ष संगणकाच्या डिस्कवरील एक मोठी फाइल, पडदा म्हणजे एक खिडकी आणि स्मृती म्हणजे प्रत्यक्ष स्मृतीचा तात्पुरता राखून ठेवलेला भाग होय. या यंत्रावर लिनक्ससारखी परिचालन प्रणाली बसविल्यास ती आपण स्वतंत्र संगणकावरच चाललो आहोत अशा रीतीने कार्य करते व मूळ संगणकावरील विंडोज किंवा अन्य प्रणाली जशीच्या तशी राहते. प्रत्यक्ष संगणकास यजमान, आत चालणाऱ्या प्रणालीस अतिथी आणि दोहोंमध्ये मध्यस्थी करणाऱ्या आज्ञावलीस हायपरव्हायझर ही संज्ञा आहे.

या पद्धतीचे महत्त्व जेथे संगणक थोडे व वापरणारे पुष्कळ असतात, तेथे विशेष जाणवते. घरातील सर्वांचा मिळून एकच संगणक असेल किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकावर अनेक वर्गांची कामे चालत असतील, तर त्यावरील प्रणाली पुसून नवी बसविण्याचा प्रयोग करणे विद्यार्थ्यास परवडत नाही. डिस्कची विभागणी करताना झालेल्या एका चुकीमुळे सर्वांच्या फाइली नष्ट होऊ शकतात. आभासी यंत्रात हीच चूक केवळ एका फाइलीपुरती मर्यादित राहते व ती फाइल टाकून देऊन पुन्हा आरंभ करता येतो. मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात या विषयास आणखी एक संदर्भ प्राप्त झाला आहे. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा गावाजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा नियोजित आहे. लायगोच्या निरीक्षणांचे विश्लेषण प्रामुख्याने लिनक्सवर केले जाते आणि त्यांतील पुष्कळशी निरीक्षणे सर्वांसाठी खुली आहेत. त्यामुळे घरच्या संगणकावरील आभासी यंत्र हे या संशोधनाची साधने हाताळून पाहण्याचा बिनखर्ची मार्ग ठरते.

लिनक्स व त्याची वितरणे : फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लीनस टॉरव्हॉल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपण एक परिचालन प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले व त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिची पहिली आवृत्ती प्रसृत केली. काटेकोरपणे पाहता लिनक्स हे नाव प्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे आहे. प्रोसेसरचा वेळ, स्मृती व उपकरणे यांची वाटणी करणे हे गाभ्याचे कार्य होय. आज्ञा स्वीकारणारे कवच, फाइली हाताळण्याची साधने, संकलक इ. बाबी मुख्यत्वे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून आल्या. १९९२ मध्ये लिनक्सचा गाभा ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणण्यात आला. या परवान्यानुसार कोणासही आज्ञावली वापरण्याची, तिचा अभ्यास करण्याची, तीत बदल करण्याची व तिच्या प्रती इतरांना देण्याची मुभा असते.

गाभा, साधने, चित्रमय पडदा व नित्योपयोगी आज्ञावल्या यांचा जुळवून दिलेला व स्थापनेस सिद्ध असा संच म्हणजे वितरण होय. डेबियन (१९९३), फेडोरा (२००३), उबुंटू (२००४) व लिनक्स मिंट (२००६) ही प्रसिद्ध वितरणे होत. भारतात प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, डेबियनवर आधारलेले व मराठीसह भारतीय भाषांची सोय असलेले बॉस हे वितरण २००७ मध्ये प्रसृत केले. वैज्ञानिक कार्यासाठी अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळा व यूरोपातील सर्न यांनी २००४ मध्ये सायंटिफिक लिनक्स हे वितरण सुरू केले होते; लायगोच्या विश्लेषणातही ते दीर्घकाळ प्रमाण मानले जाई. २०२४ मध्ये त्याचा आधार संपुष्टात आला. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्व संगणक लिनक्सवर चालत आले आहेत.

आभासी यंत्राचा इतिहास : ही कल्पना लिनक्सहून जुनी आहे. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील वैज्ञानिक केंद्रात १९६० नंतरच्या दशकात एका मोठ्या संगणकाचे अनेक आभासी संगणकांत रूपांतर करण्याचे प्रयोग झाले. प्रत्येक वापरणाऱ्यास संपूर्ण यंत्र आपल्या एकट्याचेच आहे असे वाटावे, हा त्यांमागील हेतू होता. १९७२ मध्ये या कंपनीने व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. १९७४ मध्ये जेरल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी आभासी यंत्राच्या तीन कसोट्या मांडल्या : आत चालणाऱ्या आज्ञावलीचे वर्तन प्रत्यक्ष यंत्रावरील वर्तनासारखेच असावे, साधनसंपत्तीवर मध्यस्थ आज्ञावलीचे पूर्ण नियंत्रण असावे, आणि बहुतेक सूचना मध्यस्थीविना थेट प्रोसेसरवर चालाव्यात.

वैयक्तिक संगणकांत वापरले जाणारे एक्स८६ कुलातील प्रोसेसर या कसोट्यांस प्रारंभी उतरत नव्हते. त्यांतील काही संवेदनशील सूचना मध्यस्थाच्या नकळत अमलात येत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने अशा सूचना चालू असतानाच बदलून घेण्याची युक्ती वापरून १९९९ मध्ये वैयक्तिक संगणकासाठी आभासी यंत्राची आज्ञावली उपलब्ध केली. इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय केल्यावर हे कार्य सुकर व जलद झाले. २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम हा हायपरव्हायझर समाविष्ट झाला. त्याच वर्षी इनोटेक या जर्मन कंपनीने व्हर्च्युअलबॉक्स प्रसृत केले. २००८ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सकडे व २०१० मध्ये ओरॅकलकडे गेले. त्याचे मूळ पॅकेज ग्नूच्या परवान्याखाली विनामूल्य मिळते. पुरवणी पॅकेजास मात्र वेगळा परवाना आहे.

प्रकार व कार्य : हायपरव्हायझरचे दोन प्रकार मानतात. पहिल्या प्रकारात तो थेट यंत्रावर चालतो व त्याखाली दुसरी परिचालन प्रणाली नसते. मोठ्या सेवासंगणकांत हा प्रकार आढळतो. दुसऱ्या प्रकारात तो विंडोज वा लिनक्सवरील इतर आज्ञावल्यांप्रमाणेच एक आज्ञावली म्हणून चालतो. व्हर्च्युअलबॉक्स दुसऱ्या प्रकारात मोडते व शिकणाऱ्यास तोच सोयीचा असतो. अतिथी प्रणालीने बेरीज, तुलना यांसारख्या सामान्य सूचना दिल्यास त्या थेट प्रोसेसरवर पार पडतात. तिने डिस्क किंवा जाळे यांसारख्या उपकरणास हात घालताच प्रोसेसर नियंत्रण हायपरव्हायझरकडे सोपवितो. तो ती विनंती यजमानाच्या फाइलीवर किंवा जोडणीवर पार पाडून उत्तर परत देतो. त्यामुळे गणिती कामे आभासी यंत्रात जवळजवळ मूळ वेगाने होतात, तर डिस्कवरील वाचन-लेखन काहीसे मंदावते.

पूर्वतयारी : यजमान संगणकाचा प्रोसेसर ६४ बिटांचा असावा व त्यातील आभासीकरणाची सोय चालू असावी. अनेक संगणकांत ही सोय कारखान्यातून बंद स्थितीत येते. संगणक सुरू होतानाच्या मांडणीत, म्हणजे बायोस किंवा त्याच्या जागी आलेल्या यूईएफआय या व्यवस्थेत, जाऊन ती चालू करावी लागते. ती बंद असल्यास हायपरव्हायझरमध्ये ६४ बिटांच्या अतिथी प्रणाली दिसत नाहीत किंवा यंत्र सुरूच होत नाही. नवशिक्यास येणाऱ्या अडचणींपैकी ही एक नेहमीची अडचण आहे. विंडोजची स्वतःची हायपर-व्ही ही व्यवस्था चालू असल्यास व्हर्च्युअलबॉक्स मंद चालते, हेही ध्यानात ठेवावे. यजमानात ८ गिगाबाइट स्मृती व डिस्कवर किमान ३० गिगाबाइट मोकळी जागा असल्यास काम सुखाने होते. ४ गिगाबाइट स्मृतीच्या संगणकावरही हलका पडदा असलेले वितरण चालते, पण त्या वेळी यजमानावरील इतर कामे बंद ठेवावी लागतात.

वितरणाची निवड व प्रतिमेची पडताळणी : पुढील विवेचन डेबियनला अनुसरून केले आहे, इतर वितरणांत पडद्यांचा क्रम थोडाफार बदलतो, तत्त्व तेच राहते. वितरण आयएसओ प्रकारच्या एकाच फाइलीत मिळते. तीस प्रतिमा म्हणतात. डेबियनची लहान प्रतिमा एक गिगाबाइटहून कमी असून उरलेली पॅकेजे स्थापना चालू असताना जाळ्यावरून उतरविली जातात. मोठी डीव्हीडी प्रतिमा सु. ४ गिगाबाइटची असते. तीतून जाळ्याविना संपूर्ण चित्रमय प्रणाली बसविता येते. जेथे जोडणी मंद किंवा मोजकी असते, तेथे ही मोठी प्रतिमा एकदाच उतरवून पेनड्राइव्हवरून संपूर्ण वर्गास देणे अधिक किफायतशीर होय. परवाना अशा वाटपास पूर्ण मुभा देतो. नेहमीच्या इंटेल व एएमडी प्रोसेसरांसाठी एएमडी६४ या नावाची प्रतिमा घ्यावी. ते नाव एएमडीचे असले, तरी ती इंटेलवरही चालते. डेबियनच्या ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसृत झालेल्या तेराव्या आवृत्तीपासून जुन्या ३२ बिटांच्या संगणकांसाठी स्थापनेची प्रतिमा देणे बंद झाले आहे.

हातोहात आलेली प्रतिमा अपुरी किंवा बदललेली असण्याचा संभव असतो. म्हणून तिचा पडताळणी अंक काढून वितरणाच्या अधिकृत स्थळावर दिलेल्या अंकाशी तो जुळतो किंवा नाही, हे पाहतात. एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेला अंक ६४ चिन्हांचा असतो व प्रतिमेतील एक बिट जरी बदलला, तरी तो पूर्णपणे निराळा येतो. हा अंक जुळत नसल्यास ती प्रतिमा वापरू नये.

यंत्राची रचना : हायपरव्हायझरमध्ये नवे यंत्र निर्माण करताना त्याचे नाव, प्रणालीचा प्रकार, स्मृती, प्रोसेसरांची संख्या व डिस्कचा आकार ठरवावा लागतो. यजमानाच्या निम्म्याहून अधिक स्मृती अतिथीस देऊ नये. अन्यथा यजमान स्मृतीअभावी डिस्कचा आधार घेऊ लागतो व दोन्ही प्रणाली अडखळतात. ८ गिगाबाइटच्या संगणकावर अतिथीस ३ गिगाबाइट स्मृती व दोन प्रोसेसर देणे योग्य ठरते. डिस्क २५ गिगाबाइटची व आवश्यकतेनुसार वाढत जाणारी अशी निवडावी. अशी डिस्क आरंभी थोडीच जागा व्यापते व आत फाइली साठत जातील तशी ठरविलेल्या मर्यादेपर्यंत फुगते. आतील फाइली पुसल्या तरी ती आपोआप लहान होत नाही. शेवटी प्रतिमा यंत्राच्या आभासी डीव्हीडी चालकास जोडून यंत्र सुरू करतात. नव्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रतिमा निवडताच संपूर्ण स्थापना आपोआप करण्याची सोय आहे. परंतु शिकण्याच्या दृष्टीने ती टाळून प्रत्येक टप्पा स्वतः पार पाडणे हितावह असते.

स्थापनेची कृती : यंत्र सुरू होताच वितरणाची यादी पडद्यावर येते. तीतून चित्रमय स्थापना निवडावी. डेबियनच्या स्थापना आज्ञावलीत २००९ मधील पाचव्या आवृत्तीपासून मराठीचा समावेश असून भारतीय लिपी केवळ चित्रमय पद्धतीतच दिसू शकतात. अक्षरी पद्धतीत मराठीचा पर्याय मिळत नाही. भाषा, देश व कळफलक ठरविल्यानंतर यंत्रास नाव देण्यात येते. पुढे मूळ वापरकर्त्याचा, म्हणजे रूटचा, पासवर्ड विचारला जातो. रूट यास प्रणालीतील सर्व अधिकार असतात. हा पासवर्ड रिकामा सोडल्यास पहिल्या सामान्य वापरकर्त्यास सुडो या आज्ञेद्वारा आवश्यक तेवढ्यापुरते रूटचे अधिकार वापरता येतात. ही पद्धत अधिक सुरक्षित मानली जाते.

त्यानंतर डिस्कच्या विभागणीचा टप्पा येतो. येथे संपूर्ण डिस्क वापरावी, असा पर्याय असून त्यावरील सर्व माहिती पुसली जाईल, अशी सूचना दिलेली असते. प्रत्यक्ष संगणकावर हा सर्वांत धोक्याचा क्षण असतो. आभासी यंत्रात मात्र संपूर्ण डिस्क याचा अर्थ केवळ ती २५ गिगाबाइटची फाइल असा होतो. अतिथी प्रणालीस तिच्याबाहेरचे काही दिसतच नाही. त्यामुळे येथे निःशंकपणे संमती द्यावी. आज्ञावली मुख्य विभागात एक्स्ट४ ही फाइलव्यवस्था निर्माण करते व स्मृती अपुरी पडल्यास वापरावयाचा स्वॅप विभाग वेगळा राखते. त्यानंतर पॅकेजांचा स्रोत व पडद्याचा प्रकार निवडावयाचा असतो. ग्नोम हा पडदा अधिक सोयींचा पण जड, तर एक्सएफसीई व एलएक्सक्यूटी हे हलके आहेत. थोड्या स्मृतीच्या यंत्रास शेवटचे दोन अनुकूल होत. सरतेशेवटी ग्रब ही आरंभक आज्ञावली आभासी डिस्कवर बसविली जाते. यंत्र पुन्हा सुरू होण्यापूर्वी प्रतिमा चालकातून काढावी. ती तशीच राहिल्यास बसविलेल्या प्रणालीऐवजी स्थापनाच पुन्हा सुरू होण्याचा संभव असतो.

स्थापनेनंतरची जुळणी : प्रथम आप्ट या पॅकेज व्यवस्थापकाच्या साहाय्याने पॅकेजांची यादी ताजी करून सुधारित आवृत्त्या बसवितात. लिनक्समध्ये आज्ञावल्या निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा न करता वितरणाच्याच भांडारातून घेण्याची प्रथा आहे. भांडारातील पॅकेजांच्या याद्यांवर वितरणाची अंकीय स्वाक्षरी असल्याने त्यांत फेरफार झाल्यास तो लक्षात येतो. त्यानंतर हायपरव्हायझरची अतिथीसाठी असलेली पूरक आज्ञावली बसविल्यास पडद्याचा आकार खिडकीबरोबर बदलतो, दोन्ही प्रणालींत मजकुराची देवाणघेवाण होते व यजमानावरील एखादा फोल्डर अतिथीस उघडून देता येतो. असा सामायिक फोल्डर वापरण्यासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये वापरकर्त्याचे नाव एका विशिष्ट गटात घालावे लागते. ते न केल्यास फोल्डर दिसतो, परंतु उघडत नाही. सामायिक फोल्डरमधील फाइलींना आभासी भिंतीचे संरक्षण नसते. अतिथीत पुसलेली फाइल यजमानावरूनही नाहीशी होते.

जाळ्याची जोडणी मूलतः नॅट या पद्धतीची असते. तीत अतिथी यजमानाच्या आडून बाहेर जातो, पण बाहेरून कोणास त्याच्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही. घरगुती वापरास ही पद्धत पुरेशी आहे. प्रयोगशाळेतील इतर संगणकांना अतिथी स्वतंत्र संगणक म्हणून दिसावा अशी इच्छा असल्यास पूल पद्धत निवडतात. त्यासाठी जाळ्याच्या व्यवस्थापकाची संमती असावी.

मराठीचा वापर : युनिकोडमधील देवनागरीस लिनक्सवर चांगला आधार आहे. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये खुल्या परवान्याखाली दिलेले लोहित हे टंक देवनागरीसह अनेक भारतीय लिपींसाठी उपलब्ध आहेत. कळफलकांच्या यादीतून भारत सरकारने प्रमाणित केलेला इन्स्क्रिप्ट कळफलक निवडता येतो. यजमानाचा व अतिथीचा कळफलक स्वतंत्रपणे ठरवावा लागतो. दोन्हीकडे एकाच वेळी मराठी कळफलक चालू ठेवल्यास चुकीची अक्षरे उमटू शकतात. म्हणून यजमानावर इंग्रजी व अतिथीत मराठी अशी योजना करणे बरे. आज्ञा व फाइलींची नावे रोमन लिपीत आणि मजकूर देवनागरीत ठेवण्याची पद्धत सर्वसाधारणपणे रूढ आहे.

क्षणचित्र व सुरक्षितता : यंत्राची त्या क्षणीची संपूर्ण स्थिती नोंदवून ठेवण्याच्या सोयीस क्षणचित्र म्हणतात. नवा प्रयोग करण्यापूर्वी क्षणचित्र घेतल्यास प्रणाली मोडली तरी थोड्या वेळात पूर्वस्थितीस येता येते. रूटच्या अधिकाराने महत्त्वाच्या फाइली पुसून काय होते ते पाहणे, आरंभक आज्ञावली बिघडवून ती दुरुस्त करणे इ. प्रत्यक्ष संगणकावर न करता येण्याजोगे धडे यामुळे शक्य होतात. बिघाडाची कारणे शोधण्याची सवय लागते व चुकीची भीती कमी होते. आभासी यंत्राचा शैक्षणिक लाभ मुख्यत्वे यातच आहे. क्षणचित्र म्हणजे सुरक्षित प्रत मात्र नव्हे. ते मूळ डिस्कच्या फाइलीवरच अवलंबून असल्याने यजमानाची डिस्क निकामी झाल्यास दोन्ही नष्ट होतात. जपावयाच्या फाइलींची प्रत निराळ्या साधनावर ठेवणे आवश्यक असते.

ज्या भागात वीज वारंवार खंडित होते, तेथे आणखी दक्षता घ्यावी लागते. एक्स्ट४ फाइलव्यवस्था बदलांची रोजनिशी ठेवीत असल्याने अकस्मात बंद पडलेली प्रणाली बहुधा सावरते. तथापि यजमान व अतिथी या दोहोंचे लेखन एकाच वेळी अर्धवट राहिल्यास आभासी डिस्कची फाइल बिघडू शकते. भारनियमनाची वेळ ठाऊक असल्यास यंत्राची स्थिती जतन करून ते थांबवावे. वीज आल्यावर काम जेथे थांबले होते, तेथूनच पुढे सुरू करता येते. संपूर्ण यंत्र एका फाइलीत बांधून दुसऱ्या संगणकावर नेण्याचीही सोय आहे. शिक्षकाने एकदा नीट जुळविलेले यंत्र अशा रीतीने वर्गातील प्रत्येक संगणकावर उतरविता येते.

लायगो-इंडिया व उपयोजन : लायगो-इंडिया प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः व एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रु. खर्चास अंतिम मान्यता दिली. ११ मे २०२३ रोजी त्याची कोनशिला बसविण्यात आली. अणुऊर्जा विभागाचे बांधकाम, सेवा व संपदा व्यवस्थापन संचालनालय (मुंबई), राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र (इंदूर), प्लाझ्मा संशोधन संस्था (गांधीनगर) व आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र अर्थात आयुका (पुणे) या संस्था प्रकल्पात सहभागी आहेत. वेधशाळेस काटकोनात असलेल्या व प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या दोन भुजा असतील. अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळांपासून हे स्थान फार दूर असल्याने तरंग आकाशाच्या कोणत्या भागातून आला, हे अधिक अचूकपणे ठरविता येईल. लायगोच्या निरीक्षणांच्या विश्लेषणासाठी आयुकात सारथी हा संगणकसमूह कार्य करतो.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी, भारतीय प्रमाणवेळेनुसार दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी, दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून निघालेला गुरुत्वीय तरंग अमेरिकेतील दोन्ही वेधशाळांत प्रथमच नोंदला गेला. ही घटना ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर झाली व तिची निरीक्षणे सर्वांसाठी खुली करण्यात आली. त्यांतील ३२ सेकंदांच्या एका फाइलीत दर सेकंदास ४,०९६ याप्रमाणे १,३१,०७२ वाचने असून तिचा आकार सु. एक मेगाबाइट आहे. मोबाइलवर काढलेल्या अनेक छायाचित्रांपेक्षा ती लहान आहे. वर वर्णन केलेल्या यंत्रात पायथन भाषा आणि नमपाय, सायपाय, एच५पाय व मॅटप्लॉटलिब ही चार पॅकेजे आप्टच्या साहाय्याने बसवून तिचे विश्लेषण करता येते. मूळ आलेख काढल्यास केवळ गोंगाट दिसतो, कारण तरंगामुळे भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही लहान होता. प्रत्येक कंप्रतेवरील गोंगाटाच्या प्रमाणात वाचने समतोल करून ३५ ते ३५० हर्ट्‌झ एवढाच पट्टा राखला असता सु. ०·२ सेकंदांचा, ३५ पासून २५० हर्ट्‌झपर्यंत झपाट्याने चढत जाणारा संकेत आलेखात उमटतो. दोन्ही वेधशाळांचे आलेख तपासल्यास हॅनफर्ड येथील संकेत लिव्हिंग्स्टनच्या सु. ७ सहस्रांश सेकंद मागून आल्याचेही आढळते. प्रसिद्ध झालेल्या शोधाची अशी पडताळणी कळमनुरी, सेनगाव किंवा वसमत येथील विद्यार्थ्यास आपल्या संगणकावर करता येते. तीसाठी महासंगणकाची आवश्यकता नसते.

मर्यादा : चित्रकार्डाची पूर्ण शक्ती लागणारी कामे, विशेष उपकरणे थेट हाताळणे व अत्यंत काटेकोर कालमापन यांसाठी वैयक्तिक संगणकावरील आभासी यंत्र सोयीचे नसते. स्मृती दोन प्रणालींत विभागली जात असल्याने जुन्या संगणकावर ते मंद चालते. अशा वेळी हलके वितरण प्रत्यक्ष डिस्कवर बसविणे किंवा ते पेनड्राइव्हवरून चालविणे श्रेयस्कर ठरते. आभासी भिंत भक्कम असली तरी अभेद्य नाही. हायपरव्हायझरमधील दोषांतून अतिथीमधून यजमानापर्यंत पोहोचण्याचे मार्ग वेळोवेळी उघड झाले आहेत; म्हणून हायपरव्हायझरही अद्ययावत ठेवावा लागतो. आभासी यंत्रात स्थापना यशस्वी झाली म्हणजे ती प्रत्यक्ष संगणकावरही निर्वेध होईलच, असे नाही. कारण आभासी उपकरणे मोजकी व सर्वपरिचित असतात, तर प्रत्यक्ष संगणकातील वाय-फाय किंवा चित्रकार्ड यांच्यासाठी वेगळे चालक शोधावे लागू शकतात.

शिक्षणाच्या सोयी : मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स व इतर मुक्त आज्ञावल्यांवरील ध्वनिचित्रपाठ मराठीतही विनामूल्य उपलब्ध आहेत, ते एकदा उतरवून घेतल्यास जाळ्याविना पाहता येतात. पाठाची खिडकी एका बाजूस व आभासी यंत्राची दुसऱ्या बाजूस ठेवून प्रत्येक आज्ञा लगेच करून पाहणे, ही अध्ययनाची सुलभ रीत होय. आभासी यंत्रात काही काळ सराव झाल्यावर व आवश्यक फाइलींच्या प्रती अन्यत्र ठेवल्यावर विद्यार्थी प्रत्यक्ष डिस्कवर स्थापना करू शकतो. त्या वेळी पडद्यावर येणारे प्रश्न तेच असतात; मात्र डिस्क पुसण्याविषयीची सूचना तेथे शब्दशः खरी असते.